बाबांसाठी वातावरण

“बाबा, आजपासून मी तुम्हाला काहीही शिकवणार नाही,” मुलीनं जाहीर केलं, आणि बाबांना मनापासून आनंद झाला.

आई जाऊन वर्ष होत आलं होतं. मुलीला दुसऱ्या शहरात मोठी नोकरी चालून आली होती; सोमवारी होकार कळवायचा होता. पण बाबांना बटाटासुद्धा उकडता येत नव्हता, आणि त्यांना उपाशी ठेवून ती जाणार नव्हती.

ती शिक्षकांना शिकवायची. शिकवू नका, वातावरण तयार करा, माणूस आपणहून शिकतो, असं त्यांना सांगायची. तेच तिनं घरी लावलं. बाहेरचा डबा बंद केला, बिस्किटं लपवली, बटाटे आणि कुकर ओट्यावर नजरेत भरतील असे मांडले आणि ती कामाला निघून गेली.

बाबांनी बटाटे कुकरमध्ये टाकले, गॅस पेटवला आणि पेपर उघडला. थोड्या वेळानं फट् झालं. बटाट्यांचा कोळसा झाला होता, आणि झाकणातलं एक बोंडुक, तो बटणाएवढा सेफ्टी व्हॉल्व्ह, वितळलं होतं. बटाट्यांचं बाबांना काही वाटलं नाही. बोंडकाचं वाटलं. त्यांनी मुलीला फोन लावला.

“हे वितळलं का गं?”

“तुम्हाला काय वाटतं, बाबा?”

“मला वाटतं, तू सांगावंस.”

“विचार करा,” म्हणून तिनं फोन ठेवला.

बाबांनी स्क्रूड्रायव्हर काढला. हँडलच्या स्क्रूबरोबर एक जांभळी चिंधी बाहेर आली. हँडल हलू नये म्हणून आईनं खोचलेली. इतकी वर्षं या कुकरमधलं खाल्लं, पण हँडल हलतं हे त्यांना माहीत नव्हतं. चिंधी त्यांनी खिशात ठेवली आणि पुढचा स्क्रू काढला.

धड बोंडुक कसं असतं ते बघायला शेजारच्या काकूंचा कुकर आणला. त्यात दोन भाग जास्त निघाले, म्हणून वरच्या डॉक्टरीणबाईंचा आणला. हे सगळं जोडायचं कसं ते बघायला खालच्या शिंपीणबाईंचा आणला, आणि तोही खोलला.

बाबांचा जन्म टपाल खात्यात गेला होता. त्यांनी सवयीनं वर्गवारी केली. सगळ्या शिट्ट्या एका जागी, सगळी रबरं एका जागी, सगळे स्क्रू एका जागी. मग त्यांच्या लक्षात आलं की पत्रावर पत्ता असतो, शिट्टीवर नसतो.

संध्याकाळी दारात तिघी उभ्या राहिल्या.

“भाऊजी, कुकर द्या. पोरं भुकेनं कावलीत.”

“यातला तुमचा कुठला?”

“अगं बाई! सगळेच खोलले यांनी!” शिंपीणबाई किंचाळल्या.

“मी रोज माणसं उघडते,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “पण एकाचं दुसऱ्यात घालत नाही!”

तेवढ्यात मुलगी आली. “बाबा, अहो, हे काय?”

“वातावरण,” बाबा म्हणाले.

प्रत्येक रबर प्रत्येक झाकणाला लावून, फुसफुस कुठून येते ते कान देऊन ऐकत, बाबांनी तिघींचे कुकर जोडले. काकूंचा कुकर तर दोन वर्षं मुका होता; तो असा किंचाळला की काकूंना हुंदकाच आला. दुसऱ्या दिवशी समोरच्या इमारतीतूनही कुकर यायला लागले. रिकाम्या हातानं कुणी येईना. रविवारी फ्रिजचं दार लागेना, इतके जेवणाचे डबे झाले.

“पण स्वयंपाकाचं काय?” मुलीनं विचारलं.

“काय शिकायचं ते शिकणाऱ्यानं ठरवायचं ना, मास्तरीणबाई?”

तिनं होकार कळवून टाकला.

महिन्याभरानं तिचा फोन आला. “बाबा, माझा नवा कुकर नुसता फुसफुसतोय. काय करू?”

“तुला काय वाटतं?”

“बाबा!”

“विचार कर.”

पण त्यांनी फोन ठेवला नाही. तिची आदळआपट, पुटपुट सगळं ऐकत राहिले. मग एकदम शिट्टी झाली.

“झाली! रबर नीट बसलं नव्हतं!”

“हं.” बाबांनी ओट्याकडे पाहिलं. तिथे त्यांचा स्वतःचा कुकर होता. नवं बोंडुक बसवलेला, जांभळी चिंधी पुन्हा हँडलात खोचलेली. “आता मला एक सांग. बटाट्यांना पाणी लागतं, हे कळलंय. किती लागतं?”