शौचालयाला घातलेलं गाऱ्हाणं

नूतनीकरणाचा फलक लागला त्याच दुपारी तळवेबंदरच्या किनारा उद्यानातलं सार्वजनिक शौचालय उठलं आणि समुद्रात जाऊन उभं राहिलं. फार लांब नाही, गुडघाभर पाण्यात. पुरुषांची बाजू डावीकडे, स्त्रियांची उजवीकडे, सगळं पूर्वीसारखंच. फक्त मधूनच एखादी लाट आत जाऊन बाहेर यायची.

द्वारकामावशी तेव्हा घरी जेवायला गेली होती. एकोणीस वर्षं ती या शौचालयाची देखभाल करत होती. दोन्ही दारांच्या मधे तिची इवलीशी खोली: एक स्टूल, दोन बादल्या, फिनेल आणि समुद्राकडे उघडणारी खिडकी. नव्या नकाशात ती खोली नव्हती. तिथे आपोआप उघडणारं दार येणार होतं, आणि आपोआप उघडणाऱ्या दाराला मावशी लागत नाही. हे तिने कोणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण नकाशा पाहिल्यापासून तिचं जेवण अर्ध्यावरच राहायचं. त्या दुपारीही ती ताटावरून उठून परत आली, तर खोलीही नाही आणि खोलीभोवतीची इमारतही नाही.

"माका सांगल्याशिवाय खंय गेला ता?" ती म्हणाली. मग तिला ते पाण्यात दिसलं.

नगरपरिषदेचे अभियंता चौगुले घाटावरून बदली होऊन आलेले, सज्जन गृहस्थ. त्यांनी रीतसर पत्र काढलं: "आपण मंजूर जागेवर आढळून आला नाहीत. तीन दिवसांत खुलासा करावा." शिपायाने पँट दुमडून ते भिंतीला डकवलं. भरतीने ते धुऊन नेलं. दुसरं पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिलं, त्याचंही उत्तर आलं नाही. ठेकेदार म्हणाला, पाण्यातलं काम माझ्या निविदेत बसत नाही. त्याचंही खरंच होतं.

शेवटी हेडक्लार्क पेडणेकर खुर्ची ओढून चौगुल्यांजवळ बसले. "साहेब, हंयसर कागद चलणा नाय. गाऱ्हाणा घालूक होया."

गाऱ्हाणं म्हणजे समोर उभं राहून मोठ्याने मागणं मांडायचं आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. त्याशिवाय तळवेबंदरात दुकान उघडत नाही की होडी पाण्यात जात नाही. एकदा सगळ्यांनी होय म्हटलं की ते पक्कं, नगरपरिषदेचा ठराव त्यापुढे पोरखेळ.

बुधवारी सकाळी नगरपरिषदेतले आणि गावातले सगळे वाळूवर जमले. पेडणेकरांनी नारळ ठेवला. चौगुल्यांनी जन्मात गाऱ्हाणं घातलं नव्हतं, म्हणून त्यांनी फाईल उघडून कामांची यादीच वाचायला घेतली.

"बा शौचालया, जुन्या फरश्या काढून नव्या बसवण्यात येतील."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"गळके नळ बदलण्यात येतील."

"व्हय म्हाराजा."

"देखभालीची खोली काढून टाकण्यात येईल."

"व्हय म्हाराजा."

त्या सगळ्यांत द्वारकामावशीचाही आवाज होता. जिभेची लहानपणापासूनची सवय. शब्द तोंडातून गेल्यावर तिला कळलं, आपण कशाला होय म्हणालो ते. तिला रडू आलं आणि स्वतःचा भयंकर रागही आला. तिकडे शौचालय एक पाऊल मागे सरलं, मग आणखी सहा. पाणी झरोक्यांना लागलं.

"माझं काय चुकलं?" चौगुल्यांनी विचारलं.

"तुमचा काय नाय. आमीच व्हय म्हटला," पेडणेकर म्हणाले. "दुरुस्ती मांडूक येता. पण ज्येचा नुकसान झाला, तेणाच मांडूक होया."

सगळ्यांनी मावशीकडे पाहिलं. स्वतःसाठी कोणापुढे हात पसरायचा म्हटलं की तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण तिने पदर खोचला आणि पाण्यात शिरली.

"बा म्हाराजा, एकोणीस वर्सां मी तुका धूत-पुसत इलंय. कदी कोणाकडे काय मागूक नाय. आज मागतंय. माझी खोली रवांदे."

"व्हय म्हाराजा."

"खिडकी रवांदे."

"व्हय म्हाराजा."

"आनी ह्या साहेबाचो राग धरू नको. तेका म्हायत नाय."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. चौगुलेही म्हणाले, ठेकेदारही म्हणाला. आपण मुख्याधिकाऱ्यांना न विचारता नकाशा बदलला हे चौगुल्यांच्या ध्यानात आलं, पण तोवर होय म्हणून झालं होतं.

शौचालय सावकाश बाहेर आलं, निथळेपर्यंत वाळूत थांबलं आणि उद्यानात जाऊन बसलं. जुन्या जागेपासून दोन हात डावीकडे बसलं. चौगुल्यांनी टेप लावून मोजलं, नकाशावर जागा दोन हात सरकवली आणि अहवालात लिहिलं: इमारत जागेवर आहे. यादीतली खोलीची ओळ त्यांनी स्वतःच्या हाताने खोडली.

मावशीने कुलूप उघडून स्टूल बाहेर काढलं. पहिले आले ते निवृत्त पोस्टमास्तर बांदिवडेकर, रोज सकाळी उद्यानात फिरणारे, त्या दिवशी बरेच घाईत. ते डाव्या दाराकडे वळले.

"थंय नको," मावशी म्हणाली. "आत खेकडो असा. तेचा होवंदे."

"वेळ लागतलो?"

"तो आताच आत गेलो."

पोस्टमास्तर वर्तमानपत्र उघडून बाकावर बसले.