जावई अल्सरवाला हवा

बिंदुमाधवाच्या पोटात काहीही दुखत नव्हतं, आणि त्याचं लग्न नेमकं तिथेच अडलं होतं. नोकरी बरी, स्वभाव गरीब. पण इंदिरानगरात प्रणिताला बघायला गेला तेव्हा कांदेपोह्यांतल्या हिरव्या मिरच्यासुद्धा त्याने चावून खाल्ल्या आणि आणखी एक बशी मागितली. मुलीचे वडील कृष्णाजी यांचा चेहरा पडला.

"आम्लपित्त तरी?" त्यांनी आशेने विचारलं.

"छे हो अण्णा! दगड पचवतो," त्याची आई कस्तुराबाई कौतुकाने म्हणाली. "सहाला घरी असतो."

"सहाला? मग अक्का, हा कंपनीत करतो काय? आमचा थोरला जावई बघा, अल्सर आहे. डायरेक्टर झाला!"

समाजात हे शास्त्र आता सर्वमान्य होतं. जबाबदारी वाढली की ताण वाढतो, ताणाने अंगात कॉर्टिसॉल वाढतं, त्याने जठराचं अस्तर झिजतं. सबब, ज्याचं अस्तर शाबूत, तो बेजबाबदार.

प्रणिता दारापर्यंत पोचवायला आली. "स्वल्प प्रयत्न करा ना," ती हळूच म्हणाली. बिंदुमाधव तिथेच विरघळला.

तो कामाला लागला. संध्याकाळी मारतहळ्ळीच्या गर्दीत विनाकारण गाडी घालू लागला, तर तिथे त्याला छान डुलकी लागे. सोसायटीच्या पाणी समितीचं सचिवपद घेतलं, तर टँकरवाले त्याला घरच्या लग्नांना बोलवू लागले. कॉर्टिसॉल जागचं हलेना.

तेवढ्यात कळलं, कृष्णाजींनी प्रदीपकुमार नावाचं स्थळ पाहिलंय. मुलाला रक्ताची उलटी झालेली, म्हणजे पगार मोठाच असणार. बिंदुमाधवाचं अन्नावरचं मन उडालं. हळूहळू पोटात आग पडू लागली.

"अल्सर आहे," दुर्बीण बाहेर काढत डॉक्टर म्हणाले. बिंदुमाधव त्यांच्या पाया पडला.

"सरी, अगदी बरोबर! आता शोभतो," कृष्णाजींनी त्याला मिठी मारली.

केळवणाला सगळ्यांनी पुरणाचे होळिगे हाणले. नवरदेवासमोर चांदीच्या वाटीत पेज होती. "याला आता दहीभातही पचत नाही हो," कस्तुराबाईने पाहुण्यांना सांगितलं. सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते आनंदाचं असल्याचं सर्वानुमते ठरलं.

हसताय? हसा. फक्त एक आठवून बघा: "आमच्या ह्याला जेवायलासुद्धा वेळ नसतो हो," हे पाहुण्यांना सांगताना परवा तुमचा आवाज चिंतेचा होता, की कौतुकाचा?