पंधराशे मीटर आणि परण्याचा बँड

खेळाडूचा बाप कसा असावा हे ज्यांना पाहायचं असेल, त्यांनी पिंप्राळ्यात यावं आणि मला पाहून जावं. चहा मिळेल! आमची पुनम पंधराशे मीटर पळते आणि तिच्यामागे मी स्कूटरवर पळतो. मी स्वतः शाळेत लंगडीतसुद्धा आल्या पावली बाद होत असे, पण त्याचा इथे काही संबंध नाही. गाणं कळायला गाता यावं लागत नाही, कादंबरी कळायला लिहिता यावी लागत नाही. तसंच हे.

कादंबरीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. मैदानावर बाकीचे बाप भिजवलेले बदाम आणि शंका घेऊन येतात, मी कादंबरी घेऊन येतो. माझं ठाम मत आहे की शंभर मीटर म्हणजे चुटका, हसू येईपर्यंत संपलेला असतो. पंधराशे मीटर ही मात्र कादंबरी! सुरुवातीला पात्रांची ओळख, मग लेखकालाच कंटाळा आलेली मधली प्रकरणं आणि शेवटी सगळ्यांची एकदम घाई. आमच्या पुनमची मधली प्रकरणं फार रेंगाळतात. जिल्हा स्पर्धेत तिसऱ्या फेरीला ती बाजारात मेथीची जुडी निवडत चालल्यासारखी पळत होती. तरीही दुसरी आली आणि धुळ्याच्या विभागीय स्पर्धेसाठी निवडली गेली. तिथून पहिल्या दोघीच राज्याला जाणार होत्या आणि पुनमला जायचंच होतं. तिने दिवाळीत शेवेला हात लावला नव्हता, यावरून काय ते समजा. खानदेशातल्या मुलीने शेव सोडली म्हणजे तिने संन्यासच घेतला.

त्या सुमारास मी एक ऐतिहासिक कादंबरी वाचत होतो. तिच्यात थकून बसलेलं सैन्य नगारा ऐकतं आणि ताडकन उठून गड चढतं. ते वाचून मीही ताडकन उठलो. पुनमच्या मधल्या फेऱ्यांना नगारा हवा होता!

आता नगारा कुठून आणायचा? पण परण्याचा बँड होता ना. लग्नाआधी नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला निघतो, त्याला आमच्याकडे परण्या म्हणतात. त्या वेळी बँडवाले जी चाल लावतात, ती ऐकून रुसलेला मामासुद्धा पायाने ठेका धरतो. ती चाल मी मोबाइलवर घेतली, स्कूटरवर पायाशी स्पीकर ठेवला आणि रोज पहाटे पुनमच्या मागून वाजवत निघालो. पुनम काही बोलली नाही. ती एकूणच कमी बोलते, आईवर गेलेली नाही. कॉलनी मात्र बोलली. पहिल्या आठवड्यात बायका गॅलरीत येऊन नवरदेव शोधायच्या. दुसऱ्या आठवड्यात अध्यक्षांनी मला बोलावून माझ्या तब्येतीची चौकशी केली. माझी बायको कोकिळा म्हणाली की लोक आहेर घेऊन दारात येण्याआधी हे थांबवा. मी लक्ष दिलं नाही. ध्येय गाठायला निघालेल्या माणसाच्या घरचे असंच बोलतात.

खरी अडचण काढली ती पुनमच्या प्रशिक्षकांनी, नवल सरांनी. मैदानात स्पीकर चालणार नाही, कानात काही घालता येणार नाही आणि पालकांनी कठड्याबाहेरच बसायचं, असं त्यांनी बजावलं. मी विचारलं, "मैदानात चालणार नाही, एवढंच ना?" ते म्हणाले, "मैदानात नाही." बस्स! मैदानाला भिंत असते, भिंतीला बाहेरची बाजू असते आणि धुळ्यात माझा शालक राहतो.

माझा शालक ललित हा उत्साहाने भरलेला माणूस आहे. त्याला एक सांगितलं की तो तीन करतो, त्यातलं सांगितलेलं एखादंच असतं. त्याने तोताराम मास्तरांचा बँड ठरवला. शर्यत सुटली की मी ललितला मिस्ड कॉल द्यायचा आणि मास्तरांनी भिंतीपलीकडे रस्त्यावर उभं राहून चाल सुरू करायची. आदल्या दिवशी मी स्वतः जाऊन मास्तरांना समजावलं. चाल एकच, ठेका एकच. ठेका जसा, तशी मुलगी पळणार. सावकाश नको, घाई नको.

"भाऊ, निर्धास्त राहा," मास्तर म्हणाले. "आपला ठेका म्हणजे घड्याळ."

त्या घड्याळाची किल्ली कुणाच्या हातात असते, हे मी विचारायला हवं होतं.

शर्यतीच्या सकाळी धुळ्यात कडाक्याची थंडी होती. पुनम रेषेवर उभी होती. मी कठड्याबाहेर हातात कादंबरी घेऊन उभा होतो, उलटी. बार झाला, मुली सुटल्या, मी मिस्ड कॉल दिला आणि भिंतीपलीकडून अशी काही चाल उठली की विचारू नका! एका पंचांनी मान वळवून पाहिलं. पण लग्नसराईत धुळ्याच्या रस्त्यावर बँड का वाजतो, असं कोण विचारणार? पंचांनी मान पुन्हा सरळ केली, पायाने मात्र ठेका धरला.

पुनम चौथी होती आणि पाऊल ठेक्यावर पडत होतं. मी कादंबरीवर ताल धरला. शेजारच्या पालकांना मी सांगितलंसुद्धा की खेळाला संगीताची जोड द्यायला हवी, आपल्याकडे हा विचारच होत नाही. ते गृहस्थ थोडे दूर जाऊन बसले.

आणि दुसऱ्या फेरीला ठेका वाढला. आधी थोडा, मग बराच. मग तर तो असा सुटला की घोडा असता तर नवरदेव मारुतीच्या देवळात उडून पडला असता. आणि पुनमही सुटली! चौथीची तिसरी, तिसरीची पहिली. अजून अर्ध्याहून जास्त शर्यत बाकी होती. या वेगाने ती तिसऱ्या फेरीत आडवी होणार हे मलाही कळत होतं. मी ललितला फोन लावला, तो उचलेना. तेवढ्यात बँड एकदम बंद पडला. पुनमचा वेग उतरला. दोघी तिला मागे टाकून गेल्या, मग आणखी तिघी गेल्या. बँड पुन्हा सुरू झाला, पुन्हा पिसाटला, पुन्हा थांबला. शेव सोडलेल्या माझ्या लेकीची शर्यत माझ्याच हाताने मातीत चालली होती. भिंतीवरून पाहिलं तर पलीकडे एक गुलाबी फेटा हवेत वर-खाली होत होता. फेट्याखाली ललित होता.

मग मी पळालो. कठड्यावरून उडी मारली, मैदानाच्या कडेने धावत फाटक गाठलं आणि भिंतीला वळसा घालून रस्त्यावर पोचलो. माझ्या एकूण आयुष्यातलं धावणं एकत्र केलं तरी एवढं भरणार नाही.

तिथे काय झालं होतं ते मला नंतर तुकड्या-तुकड्यांत कळलं. भिंतीसमोर रुपचंद नानांचं घर. त्यांच्या नातीचा त्या दिवशी साखरपुडा, पाहुणे पहूरहून यायचे. दारात बँड वाजल्यावर नानांना वाटलं, पाहुण्यांनी येताना बँडच आणला. "बठ्ठा बाहेर या! पाव्हना बँड लईसन उनात!" असं ओरडत नाना बाहेर आले, मागोमाग आरतीचं ताट आलं. बँडपुढे नवं जाकीट घालून ललित नाचत होता. मग कुणी त्याला फेटा बांधला, कुणी खांद्यावर घेतलं, आणि नानांच्या मुलाने त्याच्यावरून नोट ओवाळली. बँडच्या धंद्यात नोट हलली की ठेका पळतो आणि नोटा गोळा करायला बँड थांबतो. माझ्या घड्याळाची किल्ली ही होती!

मी धापा टाकत मास्तरांचा हात धरला. म्हटलं, जुना ठेका लावा नाहीतर बंद करा.

"भाऊ, आरतीचं ताट समोर आहे," मास्तर कळवळून म्हणाले. "ताटासमोर बँड बंद केला तर आम्हाला पुढच्या सालात कोण बोलावेल?"

नानांनी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "हाऊ कोन शे?"

"मन्हा दाजी शेतस," ललित खांद्यावरून म्हणाला.

"मंग त्यास्ले बी टोपी घाला!"

माझ्या डोक्यावर टोपी बसली, कपाळाला कुंकू लागलं, हातात नारळ आला. मी सांगायचा प्रयत्न केला, पण पेढा तोंडात असताना माणूस किती सांगणार? तेवढ्यात पहूरची खरी गाडी आली. बँड पाहून पाहुण्यांना वाटलं, नानांनी आपल्यासाठी केवढा थाट केलाय! दोन्हीकडचे एकमेकांच्या गळ्यात पडले. बँड पुन्हा पिसाटला आणि त्याच वेळी भिंतीपलीकडे टाळ्यांचा कडकडाट झाला. शर्यत संपली होती.

मी परत मैदानात आलो तो अक्षरशः पाय ओढत. पुनमला तोंड कसं दाखवायचं, हा एकच विचार डोक्यात होता. ती गवतावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होती. शेजारी नवल सर उभे होते. मला पाहताच ती धडपडत उठली.

"पप्पा! मम्मी बरी आहे ना?"

"मम्मीला काय झालंय?"

तिने एक मोठा श्वास सोडला आणि पुन्हा खाली बसली. सर म्हणाले, "दुसरी आली. शेवटच्या फेरीत चौघींना मागे टाकलं. असा शेवट मी या वर्षात पाहिला नाही."

मला रडू आलं. ते मी लपवलं नाही आणि लपलंही नसतं. थोडं सावरल्यावर मी विजयी नजरेने सरांकडे पाहिलं आणि म्हणालो की बँडने शेवटी काम केलं.

"कुठला बँड?" पुनम म्हणाली.

मी भिंतीकडे हात केला. तिकडे अजून दणका चालूच होता. तिने पहिल्यांदाच कान देऊन ऐकलं.

"पळताना मला काही ऐकू येत नाही, पप्पा. आपला श्वास तेवढा. तुम्ही रोज मागून वाजवायचा ते पण नाही. तुम्हाला आवडत होतं म्हणून बोलले नाही."

मी विचारलं, मग दुसऱ्या फेरीत एकदम सुटलीस ती कशी? तर नंदुरबारची मुलगी सुटली म्हणून ही सुटली, आणि तिथेच दमली. आणि शेवटी?

"शेवटी तुम्ही दिसलात. कठड्यावरून उडी मारून पळत चालला होता. मी जन्मात तुम्हाला पळताना पाहिलं नव्हतं! मला वाटलं, घरून फोन आला, मम्मीचं काहीतरी झालं. म्हटलं, हे लवकर संपवावं आणि तुमच्या मागे यावं."

माझी टोपी, कुंकू, नारळ, सगळं नवल सरांनी नीट पाहून घेतलं. मग गंभीरपणे म्हणाले की राज्यस्पर्धेला पालकांची उपस्थिती आवश्यक आहे आणि तिसऱ्या फेरीला पालकांनी पुन्हा एकदा सुटावं. पुनम म्हणाली, आता कारण माहीत झालंय, आता घाबरणार कोण? सर म्हणाले, ते तर आहेच. पण जरा विचार करून पुनमच पुढे म्हणाली, "तुम्ही पडलात तर मात्र मी शर्यत सोडून येईन."

हे तिने इतकं सहज सांगितलं की मी नारळाची शेंडी ओढत उभा राहिलो.

तेव्हापासून पिंप्राळ्यात पहाटे सराव चालू आहे. माझा. पुनमचं म्हणणं, राज्याला पप्पा येणारच, आले की पळणारच, तर निदान न पडता पळावेत. ती शेजारून आरामात धावते, मला गुडघे उचलायला लावते आणि मध्येच कादंबरी कुठवर आली ते विचारते, बोलण्याइतका श्वास उरलाय का ते बघायला. काल कठड्यावरून उडी मारायचा सराव झाला. आज मी स्कूटर सोडून ऑफिसला रिक्षाने आलो, आणि रिक्षात चढताना रिक्षावाल्याने हात दिला.