गिटारीवरची शाल

"अहो, झाकली नसती तर धूळ बसली असती की!" माकारिया म्हणाली.

आबुंदियोनं गिटारीवरची शाल उचलली. उचलली कसली, सोलली! लाखेचं ताजं पॉलिश वरून सुकल्यासारखं दिसतं, आतून हळवंच असतं. शालीची सगळी वीण, गोंड्यांसकट, गिटारीच्या छातीवर उमटली होती.

दुपारी त्यांच्या पाराचो गावच्या चौकात गिटारींची स्पर्धा. माकारियाचा थोरला भाऊ एउस्तोलियो, तोही गिटारीच करणारा, दरवर्षी चारचौघांत म्हणायचा, "दाजी, आवाज झकास! पॉलिश तेवढं आमच्याकडून करून घेत चला." यंदा आबुंदियोला त्याचं तोंड बंद करायचं होतं.

"उन्हात ठेवू या," माकारिया म्हणाली. उन्हानं लाख आणखी मऊ झाली आणि एक माशी बसली ती बसलीच.

"आता तुझ्या शालीला बुट्टीपण आली," आबुंदियो म्हणाला.

त्यानं माशी चिमट्यानं काढली. आता बाहुली फिरवणं हाच उपाय. बाहुली म्हणजे कापडात बांधलेला कापसाचा बोळा. पण जुनं कापड फाटलेलं, आणि नवं चालत नाही, त्याचे तंतू चिकटतात. वर्षानुवर्षं धुऊन सायीसारखं झालेलं सुती कापड हवं. माकारियानं घरभर नजर फिरवली आणि नवऱ्याच्या सणाच्या सदऱ्याची पाठ कापली.

"अगं, मग चौकात काय घालू?"

"हाच. वर कोट. फक्त काढू नका."

बोळ्यावर स्पिरिटचे थेंब, बोटभर तेल, आणि हात गोल गोल फिरू लागला. वीण एकेक धागा विरघळत गेली. मग लाकडाच्या रेषा वर आल्या, तळ्याच्या तळातून याव्यात तशा. चुलीवर मक्याची पेज करपली, तरी माकारिया हलेना. एवढी वर्षं हे हात ती बघत होती, आज देवळात बोलावं तशी हळूच म्हणाली, "हे तुम्ही केलंत?"

चौकात परीक्षक गिटारीभोवती जमले. तिच्यात चौकातलं घंटाघर दिसत होतं, वरचे ढगही दिसत होते. आबुंदियो कोटात घामानं निथळत उभा.

"कोट काढा की, दाजी," म्हणत एउस्तोलियो खोट शोधायला वाकला. वाकला तो बराच वेळ वाकलेलाच राहिला.

शेवटी त्यानं खिशातून कंगवा काढला आणि गिटारीत बघून मिशी नीट केली.

"दादा, झालं असेल तर सरक," माकारिया म्हणाली. "मागे रांग लागलीय."