मारुतीआप्पांची सुई

वडगावात आमच्या गल्लीत लोक भेटले की "जेवलास काय?" विचारतात. मारुतीआप्पा विचारतात, "टोचून घेतलंस काय?"

आप्पा आमचे शेजारी. चाळीस वर्षं मागावर साड्या विणल्या, मग एकदा छातीत कळ आली आणि रक्तवाहिनीत जाळी बसवावी लागली. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, फ्लूच्या तापानं दुखऱ्या हृदयावर ताण येतो, कधी त्यातूनच झटका येतो. दरवर्षी लस घेतली तर तो धोका कमी होतो. आप्पांनी लस तर घेतलीच, वर डॉक्टरांचं बोलणं गल्लीभर वाटलं.

लस घेतल्या दिवशी ते डावी बाही दुमडून हिंडतात. दुखतंय का विचारलं की खूश होतात.

"सर्दीच्या सुईचा नि काळजाचा काय संबंध?" माझे वडील म्हणाले. त्यांनाही हृदयाचा त्रास.

"खाली आग लागली तर माडी जळत न्हाय व्हय?" आप्पांनी विचारलं आणि वडिलांना दवाखान्यात घेऊन गेले.

यंदा आप्पांच्या धाकट्या भावाला, उचगावच्या शंकरअण्णांना, झटका येऊन गेला. माग वाटून घेताना दोघांचं बिनसलेलं. अकरा वर्षं बोलणं बंद. एका सकाळी आप्पा माझ्या दारात उभे. "सुनंदा, स्कूटर काढ गं. उचगावला जायाचं."

अण्णांनी दार उघडलं, पण आत या म्हणाले नाहीत.

"कशाला आलास?"

"फ्लूच्या लसीचं डॉक्टरला विचारलंस काय?"

"व्हय. घ्या म्हणालेत."

"मग घेतली का न्हाईस?"

अण्णा दंड चोळू लागले. आप्पा माझ्याकडे वळले. "सुईला भितोय. शाळेत टोचायला आले की माझ्या मागं लपायचा."

साठीतले अण्णा लाजले. मग त्यांनी चपला घातल्या.

गावातल्या दवाखान्यात नर्सनं सुई हातात घेतली तसा अण्णांनी आप्पांचा हात घट्ट धरला. आप्पांनी त्यांचं डोकं आपल्या पोटाशी वळवून घेतलं. "झालं रं, झालं," म्हणत राहिले. नर्स दुसऱ्या पेशंटकडे गेली तरी म्हणतच होते.

परतताना आप्पा स्कूटरवर मागं बसलेले. वाटेत हिंडलग्याजवळ म्हणाले, "हूं की चूं केलं न्हाई बघ. माझा भाऊ हाय त्यो."