गच्चीवरचा पहाड

विनायकराव मुळ्यांनी पहाडात घर बांधायचं ठरवलं ते दाढी करताना. (मोठे निर्णय ते नेहमी अर्ध्या दाढीत घेत. त्यांचं लग्नही असंच ठरलं होतं आणि मंगलाबाई ती गोष्ट अजून विसरल्या नव्हत्या.) बँकेतून ते नुकतेच निवृत्त झाले होते. उज्जैनला माधव नगरात स्वतःचं घर होतं, मुलगा आल्हाद देवास गेटला एसटीडी बूथ चालवत होता आणि सून देवश्री नव्या नवलाईची होती. थोडक्यात, कशाला काही कमी नव्हतं, आणि माणसाला उचापती सुचायला एवढं पुरतं.

त्यातून ते दिवसच तसे होते. देशाने सगळी दारं-खिडक्या उघडली होती, गल्लीत केबल आली होती, परदेशी थंड पेयं परत आली होती. मग आपणच काय म्हणून एका जागी बसून राहायचं, असं विनायकरावांचं म्हणणं. बँकेतले त्यांचे जुने दोस्त बिष्टजी निवृत्तीनंतर अल्मोड्याकडच्या आपल्या गावी परतले होते. तिथे देवदारांच्या उतारावर जमिनीचा एक तुकडा विकाऊ होता.

ही बातमी फुटली आणि सल्ल्यांना ऊत आला. शेजारच्या सक्सेना भाभी म्हणाल्या, "भाईसाहब, वहाँ तो दाल तक नहीं गलती!" मराठी समाजाचे ज्येष्ठ भय्यासाहेब (ज्यांनी जामघाटापलीकडे डोंगर पाहिला नव्हता) यांनी काळ्या मातीत पाया किती खोल घ्यावा ते समजावलं. पहाडात काळी माती नसते असं सांगितल्यावर ते म्हणाले, "त्याने काय फरक पडतो? पाया तो पाया. खोल घ्या."

कामाचा सल्ला दिला तो एकट्या बिष्टजींनी. "मुळ्येजी, पहले कुछ दिन पहाड़ियों की तरह रहकर देखिए. लकड़ी की आँच, ढोया हुआ पानी, ठंड. फिर नींव खोदिए."

बिष्टजींना म्हणायचं होतं की इकडे येऊन राहा. विनायकरावांनी ते सोयीने ऐकलं. एवढ्या लांब कशाला जायचं? घराला गच्ची आहे, गच्चीवर खोली आहे आणि अंगणातून वर जाणारा जिना पहाडापेक्षा कमी नाही.

मंगलाबाईंनी शांतपणे गवार मोडत अट घातली. "आजपासून पंधरा दिवस, संक्रांतीला दिवेलागण होईपर्यंत, दोघांनी वर राहायचं. बिजली नाही, नळ नाही, गॅस नाही. खालच्या घराचा उंबरा जो ओलांडेल तो हरला. तुम्ही टिकलात तर मी पहाडात येईन. नाही टिकलात तर हा विषय या जन्मी काढायचा नाही."

"बाबा, लोक काय सोचतील?" आल्हाद कासावीस झाला.

"सोचू दे!"

"ते सोचणारच आहेत, बाबा. तोच तर प्रॉब्लेम आहे."

पण पहाडाच्या वाटेला लागलेला माणूस मागे बघत नाही. सिंहस्थात पाहुण्यांसाठी शिवलेल्या गाद्या वर पडल्याच होत्या. शेगडी, कंदील आणि दोन बादल्या गेल्या की संसार पुरा झाला. पहिली बादली वर नेताना विनायकराव म्हणाले, "चढण आहे बरं का." दुसरी नेताना ते मधल्याच पायरीवर टेकले. पौषातला वारा गच्चीवर असा सुटे की कानटोपीच्या आत दुसरी कानटोपी घालावी लागे. मंगलाबाईंनी पाणी आणि चहा ही दोन्ही खाती त्यांच्याकडे सोपवली, कारण पहाडाची हौस त्यांची होती. चहाला धुराचा वास येई. मंगलाबाई मात्र शाल लपेटून, आकाशातले पतंग बघत, तो चवीने पीत.

आता हेच दृश्य शेजारच्या छतावरून कसं दिसत असेल? म्हातारा बादल्या वाहतोय, म्हातारी धुरात डोळे पुसतेय, रात्री मिणमिणता कंदील. आणि खाली? मुलगा-सून, ट्यूबलाइट, टीव्ही.

सक्सेना भाभी मुळ्याचे गरम पराठे घेऊन वर आल्या. "भाभीजी, हमसे क्या छुपाना?"

"अहो भाभी, हम अपनी मर्ज़ी से रह रहे हैं," विनायकराव म्हणाले.

"हाँ भाईसाहब. सब माँ-बाप यही कहते हैं."

"बेटे का कोई कुसूर नहीं! और बहू तो बहुत ही अच्छी है!"

झालं. बहू चांगली आहे असं सासऱ्याने इतक्या जोरात सांगितल्यावर भाभींची खात्रीच पटली. त्यांनी डोळ्यांना पदर लावला. विनायकराव आणखी समजावणार होते, पण पराठे गार होत होते. दुसऱ्या दिवशी कुणाकडून गाजराचा हलवा आला, मग तुपात बुडवलेले दाल-बाफले आले. रोज समजावायचं राहून जाई. (खोटं कशाला बोला? हलवा उत्तम होता.)

संक्रांत आली. देवश्रीची ही लग्नानंतरची पहिली. काळी साडी नेसून, हलव्याचे दागिने घालून, तिळगुळाचं ताट मांडून ती हळदीकुंकवाला बसली. साऱ्या गल्लीला बोलावणं होतं. तिसरा प्रहर झाला, उन्हं कलली, पण एक बाई फिरकली नाही. सासू-सासऱ्यांना छतावर काढणाऱ्या सुनेचं कुंकू कोण लावून घेणार?

आले ते भय्यासाहेब, समाजाची दोन पोक्त माणसं घेऊन. त्यांचा आवाज गच्चीपर्यंत पोचत होता. "आल्हाद, तुझ्या बापाने आयुष्यभर तुमच्यासाठी खस्ता खाल्ल्या. आणि तू त्याला बादल्या उचलायला लावतोस?" मग देवश्रीचं हुंदके देणं ऐकू आलं.

विनायकराव शेगडीपाशी चिमटा धरून बसले होते. दिवेलागणीला थोडाच अवकाश होता. डोळ्यांसमोर देवदार डोलत होते. एवढा वेळ कळ काढली की पहाड आपला! त्यांनी मंगलाबाईंकडे पाहिलं. पराठ्यांच्या लोभापायी आपण लेकीसारख्या पोरीची अब्रू गल्लीत टांगली, याची त्यांना मनापासून लाज वाटली. ते उठले, चिमट्यासकट जिना उतरले आणि उंबरा ओलांडून घरात शिरले.

"भय्यासाहेब, या पोरीला एक शब्द बोलू नका. आम्ही पहाडात राहायची प्रॅक्टिस करून राहिलो होतो!"

त्यांनी सगळं सांगितलं. भय्यासाहेबांनी त्यांच्या हातातला चिमटा काढून खाली ठेवला. मग म्हणाले, "ठीक आहे. पाया मात्र खोल घ्या."

"बाबा, तुम्ही उंबरा ओलांडलात," देवश्री डोळे पुसत म्हणाली.

"ओलांडला. पहाड कुठे पळून जातोय? तुझी पहिली संक्रांत परत येणार आहे का?"

तेवढ्यात वरून मंगलाबाईंची हाक आली. त्या कठड्याशी उभ्या राहून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होत्या, "भाभी, हमारा हल्दी-कुंकू ऊपर छत पर है! सबको लेकर आइए. बहू भी ऊपर आ रही है!" बायका आधी बिचकत, मग लगबगीने जिना चढू लागल्या. सक्सेना भाभींनी देवश्रीला पोटाशी धरलं, त्यात हलव्याचा हार थोडा चेपला. गच्चीवर हसण्याचा गलका उडाला. बायकांच्या त्या समारंभात पुरुषाला जागा नव्हती. विनायकराव खाली भय्यासाहेबांकडून पायाची खोली ऐकत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगलाबाई खाली आल्या.

"हरलो मी," विनायकराव म्हणाले. "विषय बंद."

"तुमचा बंद. मी कुठे हरले? मी तर दिवे लागेपर्यंत वर होते." त्यांनी शाल खुंटीला अडकवली. "लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तुमच्या हातचा चहा या पंधरवड्यात पहिल्यांदा मिळाला. छान वाटलं मला वर. आणि काल खाली धावलात ना, ते तर फारच आवडलं. चला बूथवर, बिष्टजींना फोन लावू."

विनायकरावांना पुन्हा देवदार दिसू लागले. बूथवर आल्हादने नंबर लावून दिला. मंगलाबाईंनी रिसीव्हर स्वतःच घेतला.

"भाईसाहब, ज़मीन रोककर रखिए. गर्मी में हम पहले आकर रहेंगे, फिर नींव खोदेंगे... अच्छा? पानी नीचे झरने पर है? सीधी चढ़ाई है?"

त्यांनी विनायकरावांना एकदा नखशिखांत न्याहाळलं.

"उसकी फिकर नहीं. आदमी है अपने पास."