शमुवेलकाका प्रभूच्या कानावर घालतात

स्वारगेटच्या सिग्नलला शमुवेलकाकांच्या स्कूटरवर मागे बसायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. दिवा लाल झाला की काका एक हात छातीशी धरतात आणि मोठ्यांदा बोलायला लागतात. त्या दिवशी मला मुलाखतीला सोडायला निघाले होते. "प्रभू, हा पोरगा हुशार आहे. शर्ट मात्र चुरगळलाय, तेवढं सांभाळून घे." शेजारच्या रिक्षातल्या बाईंनी वाकून माझा शर्ट पाहिला. तेवढ्यात दिवा हिरवा झाला, आणि मागच्या गाडीवरून आवाज आला, "काका, देवाशी बोलून झालं असेल तर निघू या का? आम्ही माणसांच्या ऑफिसात नोकरीला आहोत!"

"अहो काका, निदान गाडीवर डोळे तरी मिटू नका," मी म्हटलं.

"मिटतो कुठे? प्रभू दिसला नाही तरी चालेल, बस दिसली पाहिजे."

काका साखर कारखान्यातून केमिस्ट म्हणून निवृत्त झाले आणि पुण्याजवळ मांजरी गावातल्या आमच्या सोसायटीत, माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. प्रार्थनेला ते मुहूर्त, जागा, प्रेक्षक काहीच पाहत नाहीत. "रविवारी चर्चमध्ये भेटायचं आणि सोमवारपासून ओळख दाखवायची नाही, हे बरं दिसतं का?" असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे कोथिंबीर किडकी निघाली, लिफ्ट अडकली, नळाला हवा आली, की लगेच "कानावर घालून ठेवलेलं बरं!" सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्यावरून हमरीतुमरी चालू असताना हे उठून पाण्यासाठी प्रार्थना करू लागले.

सेक्रेटरी काकांना म्हणाले, "साळवे, आपल्या प्रभूंना सांगा, पाणी आहे, मोटर जळलीय."

काकांनी लगेच भर घातली, "प्रभू, मोटर जळलीय म्हणतात. ह्यांनाही जरा थंड ठेव."

मी एकटा राहतो म्हणून रविवारी त्यांच्याकडेच जेवायला असतो. घरात करुणाकाकू. काका सांगतात की प्रार्थना हे मूळचं त्यांचं खातं. काकू बोलायला लागल्या की चर्चमधली खोकणारी माणसंसुद्धा खोकायची थांबायची. पण अर्धांगाच्या झटक्याने उजवा हात गेला आणि जीभ जड झाली. शब्द अडकतात, अर्धे फुटतात. तेव्हापासून काकूंनी प्रार्थना सोडलीच. डॉक्टर म्हणतात बोलतं ठेवा, आणि काकूंना चारचौघांत बोबडं बोलायची लाज वाटते. काकूंनी पुन्हा प्रार्थना म्हणावी, एवढाच एक ध्यास काकांनी घेतला होता.

त्यांच्या जेवणाआधीच्या प्रार्थना ऐकून मात्र मला काकांचीच काळजी वाटायला लागली. समोर शेपू, आणि हे मेथीबद्दल आभार मानणार! खालच्या जोशीबाईंचा दुखणारा गुडघा म्हणायचा तर खांदा म्हणणार. मग काकू डाव्या हाताने ताटावर टकटक करून कष्टाने म्हणायच्या, "शे-पू." काका घाईघाईने सांगायचे, "दुरुस्ती, प्रभू. शेपू." एकदा मी काकांना जिन्यात गाठलं आणि विसरभोळेपणासाठी एखाद्या चांगल्या डॉक्टरला दाखवा म्हणून सुचवलं.

"अरे शहाण्या, ती जुडी मीच निवडतो. मला शेपू ओळखू येणार नाही?" काका हळूच म्हणाले. "चूक सहन होत नाही तिला. तेवढ्यासाठी तरी तोंड उघडते. आज एक शब्द मिळाला." आणि पायरीवर टेकले. मला फार वाईट वाटलं. भाजीवाल्यापासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांसमोर ह्यांची टकळी चालू, आणि ज्या एका माणसाने उत्तर द्यावं ते गप्प.

गेल्या महिन्यात काकांचा घसा बसला. डॉक्टरांनी बोलायची सक्त मनाई केली. रविवारी आम्ही तिघं ताटावर बसलो. वरणभात निवायला लागला, पण प्रार्थनेशिवाय त्या घरात घास उचलत नाहीत. काकांनी मला खूण केली: तू म्हण. मी घाबरलो. शाळेत डबा खाण्याआधी म्हणायचो तो श्लोक आठवून सुरू केला आणि दुसऱ्याच ओळीला अडकलो. पुन्हा पहिल्यापासून सुरू केला, पुन्हा तिथेच.

"थांब," काकू म्हणाल्या.

त्यांनी डावा हात उजव्यावर ठेवला आणि डोळे मिटले.

"प्रभू... वरण. भात." मोठा श्वास घेतला. "हा पोर... एकटा अस-तो." मग इतका वेळ गेला की मला वाटलं, संपलं.

"आणि हे. माझ्या वाट-चं पण... हेच बोलतात रे. दम-लेत. ह्यांना... बघ."

काकांना आमेन म्हणता येईना. घसा बसला होता, पण कारण ते नव्हतं. त्यांचे डोळे घळाघळा वाहत होते आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. काकू डोळे मिटून तशाच थांबल्या होत्या.

म्हणून मग आमेन मी म्हटलं. जरा मोठ्यांदाच म्हटलं.